सुरुवातीचे पाच कोण? अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाचा अंदाज कसा बांधावा

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. त्याआधी, म्हणजे एकही अधिकृत सामना झालेला नसताना, एखाद्या संघाचे सुरुवातीचे पाच खेळाडू कोण असतील आणि त्यांच्यापैकी कोणाकडे कोणते काम जाईल हे कसे ओळखावे, असा प्रश्न विचारण्यात आला आहे. प्रतिस्पर्धी संघांचे चित्रीकरण पाहून प्रशिक्षकांसाठी अहवाल तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि ऑक्टोबर महिना प्रत्येक वर्षी याच प्रश्नात जातो. बहुतेक चाहते संघात नवे कोण आले येथून विचार सुरू करतात, नावांची गुणवत्तेनुसार उतरंड लावतात आणि वरची पाच नावे उचलतात. माझ्या मते सुरुवात उलट टोकाकडून करावी. गेल्या हंगामाच्या शेवटी संघातील कोणकोणती कामे रिकामी झाली, याची यादी आधी करावी आणि माणसे त्यानंतर शोधावीत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाची येथे सहज दिशाभूल होते. क्रिकेटमध्ये अकरा नावे जाहीर झाली की संघ कळला असे म्हणता येते. बास्केटबॉलमध्ये बदल कितीही वेळा करता येतात, एकदा बाहेर बसलेला खेळाडू पुन्हा आत येतो, आणि सामन्याच्या किमान १० मिनिटे आधी गुणलेखकाकडे नोंदवलेली पाच नावे फक्त पहिली चेंडूफेक कोणासमोर झाली एवढेच सांगतात. पुरुषांचा महाविद्यालयीन सामना ४० मिनिटांचा असतो आणि मैदानावर एका वेळी पाच जण असतात, म्हणून जादा वेळ वगळता प्रत्येक प्रशिक्षकापाशी वाटायला बरोबर २०० खेळाडू-मिनिटे असतात. खरा अंदाज या २०० मिनिटांच्या वाटपाचा असतो. सुरुवातीचे पाच हा त्या वाटपाचा एक भाग आहे, तोही नेहमीच सर्वांत महत्त्वाचा नव्हे. २०१८ साली व्हिलानोव्हा संघाने मिशिगनला ७९-६२ असे हरवून विजेतेपद मिळवले तेव्हा डॉन्टे डिव्हिन्चेन्झो हा राखीव खेळाडू म्हणून आत आला, ३१ गुण करून गेला आणि अंतिम फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्या मोसमात फिल बूथच्या हाताला दुखापत झाली असताना तो काही सामने पहिल्या पाचातही होता. बूथ परतल्यावर तो मुकाट्याने पुन्हा बाकावर गेला, आणि त्याचे महत्त्व काडीनेही कमी झाले नाही.

पद्धत समजावण्यासाठी मी कनेक्टिकट विद्यापीठाचा, म्हणजे यूकॉनचा, २०२३-२४ चा संघ घेतो, कारण त्या संघाचा अंदाज बांधणे वरवर फार अवघड दिसत होते. एप्रिल २०२३ मध्ये प्रशिक्षक डॅन हर्ली यांच्या या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि लगेच त्याचे तीन मोठे खेळाडू गेले: सामन्यामागे १७ गुण करणारा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, अदामा सनोगो, १६ गुण करणारा नेमबाज जॉर्डन हॉकिन्स आणि गुण कमी करणारा, पण बाकी जवळजवळ सर्व काही करणारा आंद्रे जॅक्सन. राखीव फळीतील जोई कॅल्कटेरा आणि नहिम अलेन हेही राहिले नाहीत. उरले ट्रिस्टन न्यूटन, अॅलेक्स कॅरबॅन, डॉनोव्हन क्लिंगन, हसन दियारा आणि सॅम्सन जॉन्सन. नव्याने आले ते रटगर्स विद्यापीठातून बदली घेतलेला कॅम स्पेन्सर आणि पहिल्या वर्षाचे पाच विद्यार्थी, ज्यांत स्टेफॉन कॅसलचे नाव सर्वांत गाजलेले होते.

नावांच्या उतरंडीने विचार करणाऱ्याला येथे असे वाटले असते की कॅसल हा शाळकरी वयातच चेंडू हाती ठेवून खेळणारा, गुण करणारा मोठा गार्ड (बास्केटपासून दूर राहून चेंडू खेळवणारा खेळाडू) असल्याने हॉकिन्सचे १६ गुण तोच भरून काढील. रिकाम्या कामांची यादी केली तर चित्र वेगळे दिसते. हॉकिन्स स्वतः चेंडू फारसा खेळवत नसे. तो सतत धावत राही, सहकाऱ्यांच्या स्क्रीनआडून, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याच्या आडून, बाहेर येई आणि चेंडू हातात पडताच थ्री-पॉइंटर, म्हणजे दूरच्या रेषेबाहेरून तीन गुणांचा शॉट, मारी. हर्ली यांचे आक्रमण याच हालचालीभोवती गुंफलेले असल्याने हे काम रद्द होणे शक्य नव्हते, कोणाला तरी ते करावेच लागणार होते. रटगर्समध्ये ४३ टक्क्यांहून अधिक थ्री-पॉइंटर बसवणारा, क्षणभरही एका जागी न थांबणारा स्पेन्सर हे काम करण्यासाठीच आणला गेला होता. दुसरे रिकामे काम जॅक्सनचे होते: समोरच्या संघाच्या सर्वांत धोकादायक गार्डला अडवणे, उंची वापरून रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, घेणे, वेगवान प्रतिहल्ल्यात चेंडू पुढे नेणे, आणि हे सर्व बाहेरून बेताचाच नेम असताना करणे. सहा फूट सहा इंचांच्या आसपास उंची, भक्कम शरीर आणि कच्चा थ्री-पॉइंटर असलेला कॅसल या कामात नेमका बसत होता. कॅसल हॉकिन्सची नव्हे, जॅक्सनची जागा घेईल, हे एकदा ध्यानात आले की उरलेले कोडे आपोआप सुटत जाते.

सनोगोच्या जागी क्लिंगन हे तर उघडच होते. तेथे प्रश्न नावाचा नव्हता, मिनिटांचा होता. सात फूट दोन इंचांचा क्लिंगन आदल्या वर्षी सनोगोला विश्रांती देण्यापुरता, सामन्यामागे सुमारे १३ मिनिटे खेळत असे. त्याच्या प्रतिमिनिट कामगिरीला ३०-३२ मिनिटांनी गुणून अनेकांनी मोठमोठे आकडे मांडले. पण महाविद्यालयीन खेळात पाचव्या फाऊलला खेळाडू बाद होतो, पहिल्या डावात दोन फाऊल झालेल्या सेंटरला बहुतेक प्रशिक्षक मध्यंतरापर्यंत बाहेरच बसवतात, आणि एवढ्या उंच, जड शरीराला सलग धावणे पेलत नाही. शिवाय हंगामापूर्वीच त्याच्या पायाच्या तळव्याचे दुखणे निघाले होते. प्रत्यक्षात तो त्या वर्षी सरासरी २२-२३ मिनिटे खेळला आणि त्यात १३ गुण केले. सेंटरच्या ४० मिनिटांतली बाकीची बहुतेक मिनिटे सॅम्सन जॉन्सनकडे गेली. हर्ली दोन उंच सेंटर एकत्र खेळवत नाहीत हे आदल्या वर्षी सनोगो आणि क्लिंगन यांच्या वापरावरून दिसलेच होते, त्यामुळे जॉन्सन हा 'पाचाबाहेरचा, पण ठरलेल्या मिनिटांचा' खेळाडू असेल हे ऑक्टोबरमध्येच लिहून ठेवता येण्यासारखे होते.

न्यूटनचे प्रकरण मला सर्वांत बोधक वाटते. तो पूर्वी ईस्ट कॅरोलायना विद्यापीठात होता आणि तेथील शेवटच्या वर्षी त्याने सामन्यामागे १७-१८ गुण केले होते. यूकॉनमध्ये आल्यावर पहिल्या वर्षी हा आकडा १० वर आला, कारण गुण करायला सनोगो आणि हॉकिन्स होते आणि चेंडू पुढे नेण्यात जॅक्सनचाही वाटा होता. दुसऱ्या वर्षी ते तिघे गेले आणि न्यूटन १५ गुण व सहा असिस्टवर (सहकाऱ्याच्या गुणाला कारण ठरलेले पास) पोहोचला, देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात निवडला गेला. त्याचे कौशल्य एका उन्हाळ्यात एवढे वाढले असे मानायचे कारण नाही; वाढली ती त्याच्यासाठी मोकळी झालेली जागा. छोट्या कॉन्फरन्समधून (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातून) मोठ्या संघात आलेल्या खेळाडूंच्या बाबतीत हा आकृतिबंध इतक्यांदा दिसतो की मी तो जवळजवळ नियम धरतो: पहिल्या वर्षी गुणांचा आकडा घटेल, नेम टिकेल किंवा सुधारेल. स्पेन्सरचेच पाहा. मेरिलँडमधील लॉयोला विद्यापीठात त्याचे जवळजवळ १९ गुण होते, रटगर्समध्ये ते १३ झाले आणि यूकॉनमध्ये १४. चेंडू कमी वेळा हाती येऊ लागला, पण जेव्हा येई तेव्हा समोरचा बचाव दुसऱ्या कोणाकडे तरी पाहत असे, आणि थ्री-पॉइंटरचा नेम ४४ टक्क्यांवर गेला.

येथे भूमिकांचे गणित थोडे सविस्तर सांगावे लागेल. एखादा खेळाडू मैदानावर असताना संघाच्या किती टक्के चढाया त्याच्या हातून संपतात, म्हणजे त्याच्या शॉटने, फ्री थ्रोने किंवा चेंडू गमावण्याने, याला वापराचे प्रमाण म्हणतात. पाच जणांची बेरीज १०० असल्याने सरासरी २० येते. महाविद्यालयीन बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ केन पॉमरॉय यांच्या आकडेवारीत याच्याच पायऱ्या केलेल्या आहेत: २८ टक्क्यांच्या वर संघाचा मुख्य आधार, २४ ते २८ मोठा वाटेकरी, २० ते २४ लक्षणीय वाटेकरी, १६ ते २० साहाय्यक, आणि १२ च्या खाली असणारा जवळजवळ अदृश्य. अंदाज बांधताना मी संभाव्य पाच नावे लिहितो, त्यांच्या आदल्या वर्षीच्या वापराची बेरीज करतो आणि ती १०० पासून किती दूर आहे हे पाहतो. आजकालच्या संघांत, जेथे चार-पाच जण निरनिराळ्या विद्यापीठांतून आपापल्या संघाचे तारे म्हणून आलेले असतात, ही बेरीज सहज १२०-१२५ भरते. याचा अर्थ २०-२५ टक्के कोणाला तरी सोडावे लागणार. ते कोण सोडील, हाच भूमिकेचा प्रश्न. चेंडूशिवाय ज्याला उपयोगी राहता येते, म्हणजे ज्याचा उभ्या जागेवरून नेम चांगला आहे, जो कापत आत शिरतो, जो अडवतो, त्याला प्रशिक्षक पाचात ठेवून त्याचा वापर कमी करतात. ज्याला चेंडू हातात नसला की काही करता येत नाही तो मात्र बहुधा राखीव फळीचा म्होरक्या होतो, कारण दुसऱ्या फळीसोबत खेळताना चेंडू त्याच्याकडे राहू शकतो.

उलट बेरीज ८०-८५ आली तर तेही चांगले लक्षण नाही. त्या संघात कोणीतरी आजवर कधी न पेललेले ओझे उचलणार आहे आणि त्याची कार्यक्षमता खाली येणार आहे, एवढे पक्के समजावे.

पहिल्या वर्षाच्या खेळाडूंविषयी चाहत्यांचा उत्साह मला समजतो, पण तेथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. देशातील पहिल्या दहांत गणला गेलेला विद्यार्थी बहुतेक वेळा पाचात असतोच. ड्यूकच्या २०२४-२५ च्या संघात कूपर फ्लॅग, कॉन नूपेल आणि खमन मालुआच हे तिघेही पहिल्या वर्षाचे असून सुरुवात करीत होते. मात्र त्याच संघात पहिल्या वर्षाचाच नावाजलेला नेमबाज आयझेया इव्हान्स राखीव राहिला आणि हंगामाच्या सुरुवातीला पाचात असलेल्या केलेब फॉस्टरची जागा पुढे सायन जेम्सने घेतली. जेम्स ट्युलेनमध्ये १४ गुण करीत असे, ड्यूकमध्ये ८-९ वर आला, पण बचाव आणि चेंडूची निगा यांमुळे त्याची मिनिटे टिकली. तीन तरुण गुणकर्ते असलेल्या पाचात चौथ्या गुणकर्त्यापेक्षा असा माणूस अधिक लागतो. जुनी उदाहरणे तर याहून बोलकी आहेत. २००५ मध्ये विजेत्या नॉर्थ कॅरोलायनाकडून मार्व्हिन विल्यम्स बाकावरून येत असे, पाचात बचावपटू जॅकी मॅन्युएल असे, आणि त्याच वर्षी विल्यम्स एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. २०१४-१५ मध्ये केंटकीच्या जॉन कॅलिपारी यांनी पाच-पाच जणांच्या दोन फळ्या केल्या; दुसऱ्या फळीतील डेव्हिन बुकरने वर्षभरात एकदाही सुरुवात केली नाही आणि तरी तो तेराव्या क्रमांकावर निवडला गेला. सुरुवात न करणे आणि दर्जा कमी असणे यांचा संबंध किती सैल असतो याचे याहून चांगले उदाहरण मी देऊ शकत नाही.

केंटकीच्या त्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पहिल्या फळीतील अॅलेक्स पॉयथ्रेसच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि दहा जणांची ती मांडणी तेथेच मोडली. पुढे ट्रे लायल्स पाचात आला आणि मिनिटे नेहमीच्या पद्धतीने वाटली जाऊ लागली. संघ सलग ३८ सामने जिंकून उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून ७१-६४ असा हरला. तात्पर्य असे की प्रशिक्षकाने जाहीर केलेली कल्पना एक-दोन महिन्यांपलीकडे फारशी टिकत नाही, त्याची जुनी सवय मात्र टिकते. म्हणून मी कोणत्याही संघाचा अंदाज बांधण्यापूर्वी त्या प्रशिक्षकाच्या मागील चार-पाच हंगामांतील फेब्रुवारी-मार्चचे सामने पाहतो. तो सात जण खेळवतो की दहा, एकच सेंटर ठेवतो की दोन, दोन पॉइंट गार्ड एकत्र उतरवतो का, चूक करणाऱ्या नवख्याला लगेच बाहेर काढतो की चुकू देतो, या सवयी वर्षानुवर्षे बदलत नाहीत. नवा प्रशिक्षक आला असेल तर त्याच्या जुन्या विद्यापीठाचे सामने पाहावेत आणि त्याच्याबरोबर तेथून कोणी खेळाडू आला आहे का तेही पाहावे. असा खेळाडू, दर्जाने मध्यम असला तरी, पहिल्या महिन्यात हमखास अपेक्षेपेक्षा जास्त खेळतो, कारण मांडणी त्याला पाठ असते.

हे सारे पूर्वी सोपे होते हे मान्य केले पाहिजे. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले, २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्याला कितीही वेळा तसे करता येते. पूर्वी संघाच्या मिनिटांपैकी निम्म्याहून अधिक परतणाऱ्यांच्या नावे असत, आता कित्येक संघांत ती दहा-वीस टक्केही नसतात. अशा संघात रिकाम्या कामांची यादी म्हणजे जवळजवळ संपूर्ण संघच होतो, आणि मग यादी प्रशिक्षकाच्या मांडणीवरूनच करावी लागते. पोर्टलमधून कोणाला किती लवकर घेतले हा यातला उपयुक्त दुवा आहे. पोर्टलमध्ये नाव नोंदवण्याची मुदत सुरू होताच पहिल्या आठवड्यात ज्याच्यामागे प्रशिक्षक लागले तो पाचासाठी घेतलेला असतो. जून-जुलैत आलेला खेळाडू बहुधा आठव्या-नवव्या जागेसाठी असतो. खेळाडूंना देऊ केलेल्या पैशांचे आकडेही हेच सांगतात, पण ते खात्रीने बाहेर येत नाहीत, म्हणून त्यांवर इमला उभारू नये.

ऑक्टोबरमध्ये हाती येणाऱ्या माहितीत सर्वांत कमी किंमत मी प्रशिक्षकांच्या मुलाखतींना देतो. त्या काळात प्रत्येक प्रशिक्षक आपल्याकडे दहा जण सुरुवात करण्याच्या लायकीचे असल्याचे सांगतो. नाराज होऊन कोणी विद्यापीठ सोडू नये ही त्याची गरज असते आणि त्यात गैर काही नाही. प्रदर्शनी सामन्यांत पाच कोण होते यापेक्षा दुसऱ्या डावात, गुणफरक कमी असताना, कोण कोणासोबत मैदानावर होता हे नोंदवावे. चेंडू बाहेरून आत फेकण्याची जबाबदारी कोणाकडे आहे आणि शेवटच्या मिनिटांत समोरच्या मुख्य गार्डसमोर कोण उभा राहतो, या दोन गोष्टींवरून प्रशिक्षकाचा विश्वास कोणावर आहे ते सर्वांत लवकर कळते. नेमबाजीच्या टक्केवारीकडे अशा एक-दोन सामन्यांत मुळीच पाहू नये. उन्हाळ्यात संघ परदेश दौऱ्यावर गेला असेल तर त्याआधी त्याला जादा सराव मिळालेला असतो, आणि अशा संघाचे पाच जण नोव्हेंबरमध्ये लवकर स्थिरावतात.

अंदाज केव्हा बदलावा, याचेही उत्तर द्यायला हवे. यूकॉनच्या त्याच हंगामात नोव्हेंबरमध्येच कॅसलचा गुडघा दुखावला आणि तो सहा सामने बाहेर राहिला, त्याच्या जागी पहिल्या वर्षाचाच सोलोमन बॉल उतरू लागला. डिसेंबरमध्ये क्लिंगनच्या पायाने पुन्हा उचल खाल्ली आणि जॉन्सन सुरुवात करू लागला. त्या आठवड्यांत फक्त पाचांची नावे पाहणाऱ्याला आपला अंदाज साफ चुकला असे वाटले असते. कामांची वाटणी मात्र जागच्या जागी होती. परत येताच दोघेही आपापल्या कामावर रुजू झाले, दियारा राखीव फळीतून येतच राहिला आणि यूकॉनच्या बिग ईस्ट कॉन्फरन्सचा सर्वोत्तम सहावा (म्हणजे राखीव) खेळाडू ठरला. कॅसल ११ गुण करून थांबला, त्याचे थ्री-पॉइंटर २७ टक्क्यांच्या आतच राहिले, आणि तरीही उपांत्य सामन्यात अलाबामाचा बचाव त्याला मोकळे सोडून मागे सरकू लागला तेव्हा त्याने संघातील सर्वाधिक २१ गुण करून दाखवले. अंतिम सामन्यात पर्ड्यूच्या झॅक ईडीला क्लिंगनने मुख्यतः एकट्याने तोंड दिले आणि बाकीचे चौघे नेमबाजांना चिकटून राहिले. ईडीने ३७ गुण केले, पण पर्ड्यूला संपूर्ण सामन्यात अवघे सात थ्री-पॉइंटर मारता आले आणि त्यांतला एकच बसला. यूकॉनने ७५-६० असा विजय मिळवून हंगाम ३७ विजय आणि तीन पराभवांवर संपवला.

दुखापतीमुळे झालेला बदल आणि निर्णयाने झालेला बदल यांत फरक करावा. तंदुरुस्त असूनही एखाद्याची सुरुवात काढून घेतली आणि पुढील तीन-चार सामन्यांत त्याची मिनिटेही घटली, तरच अंदाज नव्याने मांडावा. सुरुवात गेली पण मिनिटे तेवढीच राहिली, तर तो बहुधा नुसता क्रमातला फेरफार असतो. सकाळच्या सरावाला उशिरा आल्याबद्दल दोन मिनिटे बाकावर बसवण्याची शिक्षाही अनेक प्रशिक्षक देतात, आणि गुणपत्रकात तिचे कारण लिहिलेले नसते. हंगामाच्या अखेरीस घरच्या शेवटच्या सामन्यात निरोप घेणाऱ्या वरिष्ठांना, त्यांत वर्षभर बाकावरून टाळ्या वाजवणारेही आले, मानाने सुरुवात करू दिली जाते. वर्षाच्या शेवटी 'किती सामन्यांत सुरुवात केली' हा रकाना वाचताना तो एक सामना वजा करून वाचावा.